त्या दोन ओळी कुणी लिहिल्या

मी एका कवीच्या नादाला लागून अर्धं आयुष्य घालवलं. तो तीनशे वर्षांपूर्वीचा इंग्लिश माणूस. लहानपणीच्या दुखण्याने पाठीला बाक आलेला, उंचीला एवढासा, आणि जीभ मात्र अशी की भल्याभल्या सरदारांनी आणि त्यांच्या बायकांनी त्याच्यापुढे जपून बोलावं. मोठ्या घरातली भांडणं, टुकार लेखकांची मिजास, दरबारातली चमचेगिरी हे सगळं तो दोन-दोन यमकी ओळींत पकडायचा आणि पुष्कळदा खाली नाव घालायचा नाही. त्याचं नाव मीही इथे लिहीत नाही. या लेखात कुणाचंच नाव येणार नाही, मग त्याचंच कशाला?

व्हर्जिनियात आम्ही राहतो तिथल्या एका कॉलेजात मी हा कवी शिकवते. नोकरी अर्धवेळ आहे. मुलांना त्याच्या ओळींपेक्षा त्याचा कुत्राच जास्त आवडतो. झालं असं की निनावी लिहून लिहून त्याची ख्याती अशी पसरली, की गावात कुणीही काहीही बोचरं लिहिलं की लोक म्हणायचे, त्याचंच असणार. मारहाणीच्या धमक्या यायच्या. मग म्हणे तो फिरायला जाताना बरोबर एक दांडगा कुत्रा आणि खिशात पिस्तुलं ठेवायचा. मी हे वर्गात रंगवून सांगायचे आणि मुलं हसायची. आपल्यावर हीच पाळी आली तर काय, हा विचार मला कधी शिवला नाही.

आता आमचं मराठी मंडळ. आमच्या हर्नडन गावाच्या आसपास जितकी मराठी घरं आहेत त्यांतली बहुतेक आयटीतली. पुणे, मुंबई, नागपूर, सांगली, सगळीकडची माणसं. त्या सगळ्यांत इंग्लिश साहित्य शिकवणारी मी एकटी, त्यामुळे मी मंडळाची अधिकृत कवयित्री. कुणाच्या मुलीचं बेबी शॉवर असलं तरी फोन येतो, चार ओळी पाठव ना, तुला काय, तुझं पाच मिनिटांचं काम. मी एकही धड कविता लिहिलेली नाही हे सांगून सांगून माझा घसा बसला. कुणी ऐकेल तर शपथ.

आणि दिवाळीच्या संमेलनात फिशपाँड. कॉलेजच्या गॅदरिंगमधली ही मौज आमच्या लोकांनी सामानात घालून अमेरिकेत आणली आणि अजून सोडलेली नाही. दाराशी झाकणाला फट पाडलेला एक खोका ठेवतात. ज्याला ज्याची खेचायची असेल त्याने त्याचं नाव घालून एक-दोन ओळी लिहायच्या, आपलं नाव घालायचं नाही, चिठ्ठी आत टाकायची. जेवणानंतर निवेदक एकेक वाचतो. वाचून झाली की तिथल्या तिथे फाडून टाकतो. पूर्वी एकदा अक्षर ओळखून मोठी भांडणं झाली होती, तेव्हापासून हा नियम. तुझं टक्कल, तिची ड्रायव्हिंग, याचं वजन, असलेच विषय. हसायचं आणि विसरायचं.

माझी एक मैत्रीण आहे. आहे म्हणते, होती म्हणत नाही. आमच्याच कॉलनीत, चार घरं सोडून राहते. मूळची सांगलीची. मुलं लहान होती तेव्हापासून आमचं एकमेकींकडे जाणं-येणं, किल्लीसुद्धा एकमेकींकडे. मी तिच्या नवऱ्याला भावजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती एका दुपारी आली, चहाचा कप घेऊन बसली आणि चहा गार होईपर्यंत तो हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, भावजींची नोकरी गेली. कंपनीने एका फोनवर अख्खी टीम काढली. दोघांची ग्रीन कार्डं झालेली, तिचा बँकेतला पगार चालू, त्यामुळे देश सोडावा लागण्याची भीती नव्हती. भीती होती ती घरातल्याच माणसाची. तिची सासू त्याच सुमाराला सहा महिन्यांसाठी सांगलीहून आली होती. मुलगा अमेरिकेत मोठा साहेब आहे, हे काकू विमानातल्या शेजारणीलाही सांगून आल्या होत्या.

मग त्या दोघांनी ठरवलं, म्हणजे खरं तर तिने ठरवलं, की काकू परत जाईपर्यंत काही बोलायचं नाही. भावजी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग आणि डबा घेऊन निघत. डबा काकूच भरत. ते जात गावातल्या पब्लिक लायब्ररीत. तिथे बसून नोकऱ्या शोधत, इंटरव्ह्यू देत आणि संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या देत घरी येत. मैत्रिणीने मला शपथ घातली. 'फक्त तुला सांगतेय,' ती म्हणाली. मी कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही.

संमेलन एका शाळेच्या सभागृहात, शनिवारी दुपारी. त्या वर्षी मैत्रीण मंडळाची अध्यक्ष होती, पैठणी नेसून इकडून तिकडे धावत होती. मी काकूंच्या शेजारी, दुसऱ्या रांगेत. जेवण झालं, मुलांचा नाच झाला, फिशपाँड सुरू झाले. पहिले दहाबारा नेहमीचे. मग निवेदकाने भावजींचं नाव घेतलं आणि वाचलं:

'डबा घेऊन साहेब आमचे निघती रोज थाटात,
बॅज नाही गळ्यात आता, पुस्तक आहे हातात.'

लोक हसले. अर्ध्यांना काही कळलंच नव्हतं, सवयीने हसले. मग मागे कुठेतरी हसणं मध्येच थांबलं, कुजबूज झाली, आणि ती कुजबूज रांगारांगांतून पुढे येताना मला ऐकू आली. काकूही हसल्या होत्या. डबा म्हटल्यावर त्यांना वाटलं आपलंच कौतुक चाललंय. मग त्या माझ्याकडे वळल्या.

'बॅज नाही म्हणजे काय गं?'

मी म्हटलं, काही नाही काकू, असंच काहीतरी. पण माझा चेहरा मला कधी लपवता आलेला नाही. काकूंनी तो बघितला, समोर स्टेजजवळ उभ्या असलेल्या सुनेचा बघितला, आणि हातातली पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. स्टेजजवळून मैत्रीण बघत होती ती माझ्याकडे. नवऱ्याकडे नाही, सासूकडे नाही, थेट माझ्याकडे. निवेदकाने तोवर चिठ्ठी फाडून पुढची उचलली होती.

गाडीत बसल्याबसल्या काकूंनी मुलाला विचारलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मैत्रिणीकडून नाही. तिने फोन उचलला नाही. मेसेज बघितल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. मी दारावर गेले तर म्हणाली मीटिंग चालू आहे. रविवारची मीटिंग! मग चार दिवसांनी, दिवाळीला मी तिला भरून दिलेला माझा चिवड्याचा डबा परत आला. तो तिने माझ्या दारात ठेवला होता, बेलही वाजवली नव्हती. उघडून बघितला तर घासून पुसून लख्ख, आणि रिकामा. इतक्या वर्षांत तिच्या घरून माझा डबा कधी रिकामा आला नव्हता. काही नसलं तर चमचाभर साखर तरी असायचीच. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

रडून झाल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मला शपथ घालतेस, मी ती पाळते, आणि एवढ्या वर्षांत मला ओळखलंस ते हेच? बरं, ती एकटीच नव्हती. मंडळात सगळ्यांचं ठरून गेलं होतं. दोन ओळी, यमक अचूक, चिमटा नेमका, मग आणखी कोण? आमच्या इथल्या ग्रोसरीच्या दुकानात मी कढीपत्ता निवडत होते तर पलीकडच्या दोघीजणी एकदम गप्प झाल्या आणि भेंडीकडे बघू लागल्या. एकीने तर मला हसून विचारलं, आता पुढचा नंबर कुणाचा? माझा कवी आठवला. त्याच्याकडे निदान पिस्तुलं होती. अमेरिकेत पिस्तूल मिळायला अडचण नाही, पण भेंडी निवडणाऱ्या बायकांपुढे त्याचा काय उपयोग.

मग मी ठरवलं की लिहिणाऱ्याला शोधून काढायचं. मी स्वभावाने आधीच संशयी, घरचे म्हणतात मी देवाचा प्रसादही वास घेऊन खाते. आता तर मला निमित्तच मिळालं.

पहिला संशय अर्थात घरातला. ती उन्हाळ्यातली दुपार मी पुन्हा पुन्हा आठवली. नवरा तेव्हा वरच्या खोलीत वर्क फ्रॉम होम करत होता. आमचं घर लाकडी, खाली चमचा पडला तरी वर ऐकू जातो. एका संध्याकाळी तो डिशवॉशरमध्ये भांडी लावत असताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, भावजींचं तुला आधीपासून माहीत होतं का. तो म्हणाला, नव्हतं. मी म्हटलं, इतक्या पटकन कसं काय नव्हतं? तो म्हणाला, नसलेल्या गोष्टीला किती वेळ लावायचा असतो? हे उत्तर मला फार चलाख वाटलं. पुढचे काही दिवस तो फोनवर हसला की मी कान टवकारायचे. शेवटी त्यानेच मला समोर बसवलं आणि सांगितलं की त्याला यमक सुचलं असतं तर लग्नात उखाणा घेताना तो असा फजीत झाला नसता. हे मात्र खरं होतं. त्या उखाण्याची अजून आमच्या दोन्ही घरांत थट्टा होते. त्याला मी सोडलं.

दुसरा संशय एका काकांवर. मुलाकडे कायमचे राहायला आलेले, निवृत्त, वात्रटिका लिहिण्याचा नाद. मंडळाच्या अंकात त्यांची दोन पानं ठरलेली असतात. आणि काका रोज लायब्ररीत जातात, हे मला माहीत होतं. झालं! मला सगळं लख्ख दिसायला लागलं. काकांनी भावजींना तिथे बघितलं असणार, बॅज नाही हे टिपलं असणार, आणि साधला असणार डाव. आदल्या दिवाळीत अंकाचं काम भावजींकडे होतं, तेव्हा त्यांनी काकांचं एक मोठं काव्य मावत नाही म्हणून कापलं होतं, तेही आठवलं. इथेच पाणी मुरतंय, अशी माझी पक्की खात्री झाली. माणसाला कारण सापडलं की पुरावा लागत नाही. मी वर्गात मुलांना हे कितीदा सांगितलंय.

बुधवारी माझा तास नसतो. काय बोलायचं ते गाडीत मोठ्याने म्हणून बघितलं आणि लायब्ररीत जाऊन धडकले. काका कुठेच दिसेनात. काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या की ते गृहस्थ मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बरेच आठवडे आलेले नाहीत. म्हणजे काका त्यातून सुटले. मी चिडून परत फिरले, तर खिडकीपाशी भावजी बसलेले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी अर्ज करायला ते अजून तिथेच येत असावेत. समोर लॅपटॉप बंद, हातात एक जाडजूड पुस्तक. पाठीवरची अक्षरं मी लांबून ओळखली. माझा कवी. आणि भावजी उजव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होते, अंगठा एकेका पेरावर टेकवत, आपण वृत्त मोजतो तसं.

मी तिथेच उभी राहिले. मला सगळं कळलं आणि कळू नये असंही वाटत होतं.

त्यांनी मान वर केली. पुस्तक लपवायला गेले, मग लपवलं नाही.

'वहिनी, बसा,' ते म्हणाले. 'तुमच्यावर येईल असं मला खरंच वाटलं नव्हतं.'

मी बसले. आवाज चढवता येत नव्हता, लायब्ररी पडली. नाहीतर त्या दिवशी त्यांची काही खैर नव्हती. दबक्या आवाजात मी विचारलं की मंडळात दोन ओळींना यमक जुळलं की माझंच नाव घेतात, हे एवढ्या वर्षांत तुम्हाला दिसलं नाही? ते म्हणाले, मला वाटलं सगळ्यांना सरळ कळेल की मीच लिहिलंय, दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं ना. बायकोने मला सांगितल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. ती त्यांना हे बोललीच नव्हती.

मग ते बराच वेळ बोलले. दिवसभर नोकरीचे अर्ज करून माणसाला वेड लागतं, म्हणून त्यांनी लायब्ररीच्या कपाटातलं हे पुस्तक काढलं होतं. मी जेवणाच्या पंगतीत त्याच्याबद्दल एवढी बडबडते, तर बघू तरी, असं त्यांना वाटलं. कळायला जड गेलं, पण एक गोष्ट त्यांना भिडली. लोक ज्या वाकड्या पाठीवरून त्याला हसत, तिच्यावर त्याने स्वतःच लिहिलंय, आणि असं लिहिलंय की हसणाऱ्याला पुढे काही बोलायला उरत नाही. घरी काकू रोज पोळ्या लाटून डबा भरत होत्या, दुपारी फोन करून भाजी आवडली का विचारत होत्या. भावजी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो डबा खात. सांगावंसं वाटायचं, पण बायकोला वचन दिलेलं. तिच्याशी वाद घालायचं बळ नव्हतं. मग संमेलनाच्या सकाळी या दोन ओळी सुचल्या आणि खोक्यात टाकल्या.

'आईला कळल्यावर ती काय म्हणाली माहितीये?' ते म्हणाले. 'मग आता घरीच गरम जेव. बस, एवढंच.'

हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मीही खिडकीबाहेर बघू लागले. पण मला माझाही राग येत होता. तो कवी स्वतःला पहिला फटका मारतो, हे दर सत्रात मी फळ्याशी उभी राहून शिकवते. आणि दोन ओळींचा कर्ता शोधताना नवरा झाला, काका झाले, ज्याच्यावर ओळी होत्या तो माणूस मला दिसला नाही.

मी म्हटलं, हे सगळं बायकोला सांगा. आजच. ते म्हणाले, सांगतो, पण मला सांगू द्या, तुम्ही नका सांगू. मी कबूल केलं.

त्यांनी सांगितलं नाही. एक आठवडा गेला, मग थँक्सगिव्हिंग आलं. दर वर्षी आम्ही दोन्ही घरं एकत्र जेवतो, त्या वर्षी तिच्याकडे दुसरेच लोक जेवायला होते, आमच्या खिडकीतून त्यांच्या गाड्या दिसत होत्या. काकू सांगलीला परत गेल्या, जाताना मला भेटूनही गेल्या नाहीत. भावजींना नवी नोकरी लागली, तेही मंडळाच्या ग्रुपवर कळलं. आता तर सांगायला काय अडचण होती? मला लायब्ररीतल्या त्या सगळ्या बोलण्याचाच संशय यायला लागला. मी गप्प बसावं म्हणून तर नव्हते ना डोळे भरून आले? शेवटी माझा धीर सुटला. गेलं खड्ड्यात ते वचन, असं म्हणत एका रविवारी सकाळी मी तिच्या दारावर गेले आणि दार उघडेपर्यंत बेल वाजवली.

भावजी मुलाला घेऊन बाहेर गेले होते. तिने मला आत घेतलं, बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सुरुवात केली.

'त्या ओळी मी लिहिल्या नाहीत.'

'माहितीये,' ती म्हणाली.

मी पुढचं सगळं तोंडात धरून उभी राहिले. तिने सोफ्यावरचे धुतलेले कपडे बाजूला केले, स्वतः बसली, घड्या घालायला लागली.

'कधीपासून माहितीये?'

'त्याच दुपारपासून. अख्खा हॉल हसत होता तेव्हा मी आधी त्याच्याकडेच बघितलं, तो बुटांकडे बघत होता. त्याला मी ओळखत नाही का?'

'मग मला का?' माझा आवाज चिरकला. 'दोन महिने! दुकानात लोक माझ्याकडे बघून बोलायचे थांबतात. आणि तू तिकडून बघत राहिलीस?'

तिने एका शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

'तुझ्यावर रागावता येत होतं,' ती म्हणाली. 'एक मैत्रीण वाईट निघाली, संपलं. त्याच्यावर रागावले असते तर त्याला विचारावं लागलं असतं, की मला सांगता येत नव्हतं म्हणून तू अख्ख्या मंडळाला सांगितलंस का. आणि त्याने हो म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? मला त्याच घरात राहायचंय.'

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. मी बसले आणि समोरचा टॉवेल उचलून घडी घालायला लागले, दुसरं काही सुचेना म्हणून. ती रडत होती. त्याला अजून वाटतं की मला माहीत नाही, असं म्हणाली. नवी नोकरी आहे, रात्री झोपतो आता, हसतो. मग नाक पुसून तिने माझ्याकडे बघितलं.

'अजून थोडे दिवस तूच लिहिलंस असं राहू देशील का? आपण दोघी बोलायला लागू. मी सगळ्यांना सांगेन की मी तुला माफ केलं.'

मी हो म्हटलं. आता हे वाचून तुम्ही मला वेडी म्हणाल, म्हणा. नाही म्हटलं असतं तर ती गेली असती, आणि ती जायला मला नको होती.

तिने खरंच सगळ्यांना सांगितलं. मंडळात तिच्या मोठ्या मनाचं फार कौतुक झालं. आता आम्ही पुन्हा रोज संध्याकाळी फिरायला जातो. ती खूप बोलते, पूर्वीपेक्षा जास्त बोलते. परवा चालता चालता तिने माझा हात धरला आणि म्हणाली, एक गोष्ट आहे, फक्त तुला सांगतेय. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, नको सांगूस.